ब्राउझरमधली बिल-एंट्री चुकते, अडते, हरवते : दोष कुठे आणि इलाज काय

डाव्या हाताला चलानांचा गठ्ठा, उजवा हात नंबरपॅडवर आणि नजर कागदावर. एंट्री करणारा असा बसतो. स्क्रीनकडे तो ओळीमागे एकदा, फार तर दोनदा बघतो. ब्राउझरवर चालणारे बहुतेक फॉर्म मात्र समोरचा माणूस सतत स्क्रीनकडे बघतोय असं धरून बांधलेले असतात. म्हापशापासून मडगावपर्यंत ज्या घाऊक दुकानांनी आणि वितरकांनी मशीनवर बसवलेलं जुनं सॉफ्टवेअर सोडून ब्राउझरमधलं बिलिंग घेतलं, तिथल्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच फरकात आहे. तक्रारीही ठरलेल्या: अक्षरं गळतात, भलताच माल निवडला जातो, एकच बिल दोनदा उठतं, अर्धं बिल गायब होतं. आणि निदानही ठरलेलं: 'नेट स्लो आहे.' पावसाळ्यात ते कधी कधी खरंही असतं. पण एरवी दहातल्या सात-आठ वेळा नेटवर उगाच आळ येतो, असं आमचं मत.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

पाच मिनिटांत होणाऱ्या तीन चाचण्या आहेत. त्या केल्याशिवाय सॉफ्टवेअरवाल्याला फोन करू नका.

नोटपॅड उघडा आणि नेहमीच्या वेगाने वीस ओळी आकडे टंका. इथेही अंक गळत असतील, तर बिलिंगचा काही संबंध नाही. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की 'फिल्टर कीज' सुरू करायचं का असं विचारणारी खिडकी येते. नजर कागदावर असलेला माणूस एंटर मारून पुढे जातो, फिल्टर कीज सुरू होतं आणि त्यानंतर झटपट दाबलेल्या कळा विंडोजच गिळून टाकतं. शिफ्ट पाचदा दाबली की 'स्टिकी कीज'चं तसंच. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथे ही दोन्ही बंद करा आणि त्यांचे शॉर्टकटही बंद करा. नुसतं वैशिष्ट्य बंद करून शॉर्टकट तसाच ठेवला तर आठवड्याभरात तक्रार परत येते.

दुसरी चाचणी: कंट्रोल+शिफ्ट+एन दाबून इनकॉग्निटो खिडकीत तेच बिलिंग चालवा. तिथे सुरळीत चालत असेल तर ब्राउझरला जोडलेलं कुठलं तरी एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) आडवं येतंय. स्पेलिंग आणि व्याकरण तपासणारी एक्स्टेंशन्स प्रत्येक रकान्यावर नजर ठेवून असतात. आकड्यांच्या फॉर्ममध्ये त्यांचं काहीच काम नाही.

तिसरी: कोरं बिल उघडा, नेटची केबल काढा आणि नग-दराच्या रकान्यांत टंका. नेट नसतानाही अक्षर उमटायला वेळ लागत असेल तर दोष पानाच्या बांधणीत आहे. बहुधा एका कळीमागे अख्खं बिल नव्याने रंगवलं जातं. दहा ओळींच्या बिलात ते जाणवत नाही, दीडशे ओळींच्या बिलात जाणवतं. अक्षरं झटपट उमटतात, फक्त यादी येत नाही असं असेल तर प्रश्न सर्व्हरकडे जाण्या-येण्याचा.

वेगाचा अंदाज असावा म्हणून: स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या डेटा एंट्री चाचणीत तासाला ८,००० कळदाब मागतात, म्हणजे सरासरी ४५० मिलिसेकंदांना एक. पण ही सरासरी झाली. आकड्यांची सलग तुकडी मारताना सराईत हात दोन कळांत शंभर-दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर ठेवत नाही. गूगलच्या मापदंडात २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद देणारं पान 'चांगलं' ठरतं. बातम्या वाचायला ते पुरेसं आहे, नंबरपॅडला नाही.

भलताच माल निवडला जातो

सगळ्यात महागडी चूक हीच, कारण ती दिसत नाही. काजूचं बिल घ्या. काजूगराच्या प्रतीचा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात तो. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. ऑपरेटरला 'डब्ल्यू२४०' ही प्रत हवी आहे. तो 'डब्ल्यू२' टंकतो, कागदाकडे बघून क्षणभर थबकतो, मग '४०' टंकून एंटर मारतो. शेवटच्या तीन कळा अर्ध्या सेकंदात पडतात. पान मात्र शेवटच्या कळीनंतर ३०० मिलिसेकंद थांबतं, मग सर्व्हरला विचारतं, मग यादी बदलतं. एंटर पडला त्या क्षणी स्क्रीनवर अजून 'डब्ल्यू२'ची जुनी यादी असते, आणि तिच्यात पहिला असतो डब्ल्यू२१०. एंटरने तोच उचलला. बिल डब्ल्यू२१०चं फाटलं, माल गेला डब्ल्यू२४०चा. साठ्यात एका प्रतीचे दहा किलो कमी आणि दुसऱ्या प्रतीचे दहा किलो जास्त. हे कळतं महिनाअखेरीच्या मोजणीत.

याचाच दुसरा प्रकार आणखी चकवा देणारा आहे. 'डब्ल्यू२'चा प्रश्न आधी गेला, 'डब्ल्यू२४०'चा नंतर, पण पहिल्याचं उत्तर वाटेत रेंगाळून दुसऱ्याच्या मागून आलं. बरोबर आलेल्या यादीवर जुनी यादी येऊन बसली. ऑपरेटरने थांबून वाट पाहिली तरी चूक होतेच.

सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्यायचा इलाज असा. मालाची यादी दिवसातून एकदा ब्राउझरमध्येच उतरवून ठेवायची आणि शोध तिथल्या तिथे घ्यायचा. पाच हजार वस्तू, प्रत्येकी शे-दीडशे बाइट धरल्या तरी पाऊण एमबीच्या आत बसतात. मोबाइलवर काढलेला एक फोटो याहून मोठा असतो. 'आमच्याकडे आयटम फार आहेत' ही सबब यापुढे टिकत नाही. पन्नास हजार वस्तू असतील तर ब्राउझरच्याच इंडेक्स्ड-डीबी या साठवणीत ठेवता येतात. सर्व्हरलाच विचारायचं असेल, तर नवा प्रश्न जाताना जुना रद्द व्हायला हवा. आणि यादी येण्याआधी दाबलेला एंटर फेकून न देता लक्षात ठेवून, नेमक्या त्या मजकुराची यादी आली की मगच लागू करायला हवा. संकेतांक तंतोतंत जुळत नसेल तर पहिली ओळ आपोआप निवडायची नाही.

सॉफ्टवेअरवाला दाद देत नसेल तर दुकानदाराच्या हातातला उपाय एकच: प्रत्येक वस्तूला असा छोटा कोड द्या, की एका कोडची सुरुवात दुसऱ्या कोडशी जुळत नाही. २४०ला 'बी', २१०ला 'जे', ३२०ला 'टी' असं काहीही चालेल. कीबोर्डशेजारी त्याचा कागद चिकटवा. आठ दिवसांत हाताला सवय होते.

पार्टी सापडत नाही, म्हणून दुसऱ्यांदा उघडली जाते

हे खास गोव्याचं दुखणं. एकाच गावाची इंग्रजी आणि मराठी नावं इतकी वेगळी, की शोध घेणाऱ्याची फजिती होते. पार्ट्यांच्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या, कायमच्या यादीत (मास्टरमध्ये) बिचोलीम, ऑपरेटर टंकतो डिचोली. सांकेलीम आणि साखळी, केपेम आणि केपे, पेर्नेम आणि पेडणे, कुर्चोरेम आणि कुडचडे, सगळ्यांचं तेच. त्यात 'नाईक ट्रेडर्स' आणि 'कामत स्टोअर्स' तालुक्यागणिक. शोध रिकामा आला की ऑपरेटर नवी पार्टी उघडतो, आणि एकाच दुकानदाराची उधारी दोन खात्यांत विभागली जाते.

पार्टी मास्टरमध्ये 'शोधनाव' असा एक वेगळा रकाना घ्या आणि त्यात गावाची सगळी रूपं लिहून ठेवा. नवी पार्टी उघडताना नावाआधी जीएसटीआयएन, म्हणजे जीएसटी नोंदणीचा क्रमांक, विचारला तर नोंदणी असलेल्या पार्टीचं दुबार खातं उघडताच येत नाही. या पंधरा खुणांपैकी पहिले दोन अंक राज्याचे: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढच्या दहा खुणा म्हणजे पॅन. शेवटची खूण आधीच्या चौदांवरून गणिताने निघते, त्यामुळे शून्याच्या जागी 'ओ' पडला तर पान तिथेच थांबवू शकतं. त्यासाठी नेट लागत नाही. पहिल्या दोन अंकांवरून पार्टीचं राज्यही आपोआप भरता येतं. सावंतवाडीला जाणाऱ्या मालाच्या बिलावर परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी पडणं त्यामुळे बरंच कमी होतं.

एंटर दाबला आणि ओळच उडाली

वेब फॉर्मचा नियम असा: रकान्यात एंटर दाबला की फॉर्ममधलं सगळ्यात पहिलं 'सबमिट' जातीचं बटण दाबलं जातं. आणि ज्या बटणाला जात दिलेलीच नाही, ते आपोआप सबमिट जातीचं ठरतं. प्रत्येक ओळीच्या टोकाला 'काढा'ची फुली असते. बांधणाऱ्याने तिला 'नुसतं बटण' अशी जात दिली नाही, की तीच फॉर्ममधलं पहिलं सबमिट बटण बनते. मग ऑपरेटर पाचव्या ओळीत दर भरून एंटर मारतो आणि पहिली ओळ नाहीशी होते. 'कधी कधी ओळ आपोआप उडते' ही तक्रार आली की आधी इथे बघा.

दुरुस्ती दोन शब्दांची आहे, पण एंटरचं काम काय हेही ठरवून घ्या. एंट्रीत एंटर म्हणजे 'पुढचा रकाना', शेवटच्या रकान्यात 'नवी ओळ'. बिल जतन करायला वेगळी जोडकळ असावी.

पुढच्या रकान्यात कर्सर नेताना एक बारकावा हमखास राहतो. टॅबने रकान्यात शिरलं की ब्राउझर आतला मजकूर निवडून देतो, त्यामुळे टंकलेलं जुन्यावर बसतं. प्रोग्रामने कर्सर नेला तर निवडत नाही. नगाच्या रकान्यात आधीचा '१' असेल आणि १२ टंकले, तर होतात ११२. कर्सर नेल्यावर लगेच मजकूर निवडणारी एक ओळ घालायला सांगा.

आणि नवी ओळ आली की कर्सरच हरवतो, टंकलेलं कुठेच उमटत नाही? मग पान ओळ जोडताना जुने रकाने मोडून नवे उभे करतंय. रिॲक्टसारख्या, वेब-पानं बांधायच्या चौकटीत ओळींना स्थिर ओळख दिली नाही की असं होतं.

टॅलीची सवय आणि ब्राउझरच्या कळा

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस. ब्राउझरमध्ये एफ५ पान नव्याने आणतो आणि भरलेलं जातं. एफ६ कर्सर पत्त्याच्या पट्टीत नेतो. एफ७ कॅरेट ब्राउझिंग (पानाच्या मजकुरात कर्सर फिरवण्याची सोय) सुरू करायचं का विचारतो. कंट्रोल+ए टॅलीत व्हाउचर स्वीकारतो, इथे रकान्यातलं सगळं निवडतो. लगेच पुढची कळ पडली की ते पुसलं जातं. ऑल्ट+डी पत्त्याच्या पट्टीत नेतो.

यातल्या बऱ्याच कळा पान स्वतःकडे घेऊ शकतं. पण क्रोमच्या साध्या टॅबमध्ये कंट्रोल+एन, कंट्रोल+टी आणि कंट्रोल+डब्ल्यू ब्राउझर कुणाला देत नाही. 'नवं बिल'ला कंट्रोल+एन दिलेलं सॉफ्टवेअर म्हणूनच नव्या रिकाम्या खिडक्या उघडत बसतं. क्रोमच्या मेनूमधून ते पान ॲप म्हणून इन्स्टॉल करा. मग ते स्वतंत्र खिडकीत उघडतं, पत्त्याची पट्टी नसते आणि या कळाही आधी पानाकडे जातात. एवढ्याने निम्मा त्रास जातो, आणि खर्च शून्य.

लॅपटॉपवर एफ-कळा आवाज आणि उजेड कमी-जास्त करत असतील तर बऱ्याच मॉडेलांत एफएन+एस्केपने त्या जाग्यावर येतात. नंबरपॅड नसलेल्या लॅपटॉपवर एंट्री करायला लावू नका. यूएसबीचा सुटा पॅड घ्या.

मराठी कीबोर्ड चालू राहिला की

पार्टीचं नाव मराठीत टंकलं, परत इंग्रजीवर यायचं राहिलं. आता बिल जतन करायचा ऑल्ट+एस चालत नाही. कारण मराठी कीबोर्डच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत एसच्या जागी एकाराची मात्रा आहे आणि पान 'एस' अक्षराची वाट बघतंय. शॉर्टकट अक्षरावर नव्हे, कळीच्या जागेवर बांधायला हवा. ब्राउझर दोन्ही माहिती देतो.

काही मांडण्यांत वरच्या ओळीतून देवनागरी अंक उमटतात. जावास्क्रिप्टला '१२' हा आकडा वाटतच नाही, म्हणून रक्कम रिकामी येते किंवा बिल जतन होत नाही. युनिकोडमध्ये हे दहा अंक ओळीने बसवलेले आहेत, तेव्हा जतन करण्याआधी त्यांचे इंग्रजी अंक करून घेणं दोन ओळींचं काम. मराठी वापरकर्त्यांसाठी म्हणवणाऱ्या सॉफ्टवेअरने एवढं तरी करावं.

बारकोड स्कॅनरचंही हेच. स्कॅनर म्हणजे संगणकाच्या लेखी एक फार वेगवान कीबोर्ड. भारतीय मालाचे ८९०पासून सुरू होणारे तेरा अंक तो कळा दाबल्यासारखे पाठवतो आणि शेवटी एंटर. अशी मराठी मांडणी चालू असली तर कोड देवनागरीत उतरतो आणि 'वस्तू सापडली नाही' असं येतं. अधूनमधून अंक गळत असतील तर स्कॅनरच्या पुस्तिकेतला अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा बारकोड स्कॅन करा. शेवटच्या एंटरने बिलच जतन होत असेल तर तो बदलून टॅब करा.

तारीख आणि आकडे

विंडोज आणि ब्राउझर अमेरिकन इंग्रजीवर असले की तारखेचा रकाना महिना आधी मागतो. ५ जुलैचं बिल ७ मेचं होतं आणि चुकीच्या महिन्याच्या रिटर्नमध्ये जातं. ही चूक फक्त १ ते १२ तारखांना लपते. पुढच्या तारखा विचित्र दिसून लक्षात येतात. म्हणून 'महिन्याच्या सुरुवातीलाच होतं' असं कुणी म्हणालं की हेच कारण समजा. दोन्हीकडे इंग्लिश (इंडिया) निवडा. त्याहून बरं म्हणजे साधा मजकुराचा रकाना, ज्यात ०५०७ टंकलं की चालू आर्थिक वर्षातला ५ जुलै. ब्राउझरचाच तारीख-रकाना ठेवायचा असेल तर कमाल तारीख ३१ डिसेंबर ९९९९ बांधून घ्या, नाहीतर वर्षात सहा आकडे मावतात.

दराचा आकडा आपोआप एकने बदलतो ही तक्रारही जुनी आहे. रकाना 'नंबर' जातीचा असला की वर-खाली बाणाने आकडा बदलतो, आणि कर्सर आत असताना माऊसचं चाक फिरलं तरी क्रोममध्ये बदलू शकतो. खालची बेरीज बघायला चाक फिरवलं आणि ४५०चे ४४९ झाले. पैशांचा रकाना मजकुराच्या जातीचा ठेवून आत काय चालेल ते पानाने तपासावं.

बिल दोनदा उठतं किंवा हरवतं

जतन करताना चक्र फिरत राहतं, ऑपरेटर पुन्हा कळ दाबतो, दोन बिलं. बटण निष्क्रिय करणं हा अर्धाच उपाय. बिल सर्व्हरवर पोचलं पण उत्तर परत येताना नेट तुटलं, तर ऑपरेटर पान उघडून तेच बिल पुन्हा पाठवणारच. कोरं बिल उघडतानाच ब्राउझरने त्याला एकमेव ओळख द्यावी, ती मसुद्यासोबत जपावी, आणि तीच ओळख दुसऱ्यांदा आली की सर्व्हरने नवं न बनवता पहिलंच बिल परत द्यावं.

बिलाचा क्रमांक मात्र जतन होताना सर्व्हरने द्यायचा, फॉर्म उघडताना नाही; नाहीतर दोन काउंटरांवर एकच क्रमांक पडतो. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे हा क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात एकदाच यायला हवा आणि १६ खुणांच्या आत हवा. दुबार उठलेलं बिल म्हणूनच पुसू नका, रद्द म्हणून ठेवा. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नच्या तक्ता १३मध्ये रद्द कागदांची संख्या द्यावी लागते. त्यावर ई-इनव्हॉइस किंवा ई-वे बिल निघालं असेल तर रद्द करायला २४ तास मिळतात.

हरवणाऱ्या बिलाची कारणं तीन. लॉगिनचं सत्र संपलेलं असतं आणि जतन करताच पान लॉगिनकडे उडी मारतं. किंवा क्रोमचा मेमरी सेव्हर मागे पडलेला टॅब झोपवतो आणि परत आलं की पान नव्याने येतं. यासाठी सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स उघडा आणि 'नेहमी सक्रिय'च्या यादीत बिलिंगचा पत्ता घाला. एजमध्ये हेच 'स्लीपिंग टॅब्स'मध्ये. तिसरं कारण वीज. जून ते सप्टेंबरात ती जाणारच. संगणक यूपीएसवर असतो, पण फायबरचा मोडेम आणि राउटर भिंतीच्या साध्या प्लगवर, म्हणून वीज जाताक्षणी संगणक चालू आणि नेट बंद. मोडेमवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून छोटा डीसी यूपीएस लावा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तरी चालतात. पानाकडून एवढंच मागा, की प्रत्येक ओळीनंतर मसुदा ब्राउझरमध्ये उतरावा आणि सत्र संपलं तर लॉगिन त्याच पानावर, बिल न मोडता विचारलं जावं.

तक्रार लिहिताना

'स्लो आहे', 'हँग होतंय' असं लिहून काही हाती लागत नाही. ब्राउझर आणि त्याची आवृत्ती, कीबोर्डची भाषा, बिलात किती ओळी होत्या, नेमक्या कुठल्या कळा कुठल्या क्रमाने दाबल्या, आणि वरच्या तीन चाचण्यांत काय दिसलं, एवढं द्या. जमल्यास कळा दिसतील असा अर्ध्या मिनिटाचा मोबाइल व्हिडिओ जोडा. दुरुस्ती आली की कालचीच वीस चलानं चाचणीच्या खात्यात पुन्हा भरून बघा, घड्याळ लावून. आणि भरणारा रोजचाच ऑपरेटर असू द्या. मालक स्वतः बसला तर तो स्क्रीनकडे बघत सावकाश टंकतो आणि त्याला काहीच चूक सापडत नाही.